सात रस्ता

ऑफिस सात रस्त्याला, दुसऱ्या मजल्यावर,
खाली झेरॉक्स आणि कडक भाकरीचं दुकान.
महापालिकेच्या तक्रारी आमच्याकडं येतात,
एकेचाळीस हजार, तीन वर्षांच्या,
आणि खाने सातच:
पाणी, ड्रेनेज, कचरा, दिवाबत्ती, रस्ते, मोकाट जनावरं,
इतर.
तौफिक नदाफ म्हणतो, चौकाचं नाव बघ की,
आपल्यासाठीच ठेवलंय.

सहा आठवडे मी नुसती लेबलं लावली.
मग जाळं शिकायला बसवलं.
प्रत्येक शब्दाचे तीनशे आकडे होतात,
एका थरातून दुसऱ्यात गळतात,
दुसऱ्यातून तिसऱ्यात,
बाराव्याच्या तळाशी सात उरतात, बेरीज एक.
त्यातला सगळ्यात मोठा, तो रस्ता.

आलं तेव्हा ते पेपरातलं मराठी वाचून आलेलं.
"नळाला पाणी येईना गेलंय" म्हटलं की अडायचं:
येईना, का गेलंय?
"लाईट टिकेना गेलीय."
"कुत्री झोपू देईना गेलीत."
न येणं आणि जाणं आम्ही एकाच दमात बोलतो,
हे त्याला कोण सांगणार.
"साहेबांनी तोंडाला पानं पुसली" हे त्यानं
कचऱ्यात टाकलं.
तौफिक हसून हसून खुर्चीवरून घसरला.
मी म्हटलं, चुकलं कुठं?

चुकलं की चूक उलटी वाहते,
शेवटच्या थरातून मागं, मागं, पहिल्यापर्यंत,
प्रत्येक गाठीला विचारत: तुझा वाटा किती?
हे मी नानांना सांगितलं.
नाना चाळीस वर्षं टॉवेलच्या मागावर.
म्हणाले, बाणा तुटला की आम्ही पण
चाक हातानं उलटं फिरवतो, तुटला तिथवर.
एका पाळीत चार-पाच वेळा. तुझं किती?
म्हटलं, एका रात्रीत दोन लाख.
मग ते कापड नव्हे, असं म्हणाले
आणि तेलुगूत अजून काहीतरी,
जे मी इथं लिहीत नाही.

मार्चअखेर त्र्याण्णव टक्के झाले.
साहेबांनी शेंगाचटणीची पाकिटं वाटली.
त्याच दुपारी, सहज चाळताना,
तक्रार सतरा हजार तीनशे सहा.
अंबय्या चिलवेरी, विडी घरकुल.

"पाणी रात्री अडीचला येते. आधी मंडळी उठायची, आता ती नाही.
मला ऐकायला कमी. नळ वाजलेला कळत नाही.
चार दिवसांनी परत अडीचलाच येते.
तरी योग्य ती कार्यवाही व्हावी ही विनंती."

पाणी, शून्य पूर्णांक सत्त्याण्णव.
इतर, शून्य पूर्णांक शून्य एक.

बरोबरच आहे. पाण्याचीच तक्रार आहे.
पाणी येतंय, अशी.

कुठल्या शब्दावर जोर पडला ते रंगात बघता येतं.
"पाणी" लाल, "नळ" लाल, "अडीच" जरा फिकट.
"मंडळी" पांढरीफटक.
पण "नाही" गडद, सगळ्यांत गडद.
त्याला वाटलं, पाणी नाही.
एकेचाळीस हजार तक्रारींत बहुतेक वेळा
तेच नसतं.

माउस "इतर"वर नेला, परत आणला.
इतरचा गठ्ठा कोण उघडतं, मला ठाऊक आहे.
पाण्याच्या गठ्ठ्याला निदान इंजिनिअर आहे.
आठ दिवसांनी शेरा आला:
पाणीपुरवठा सुरळीत. तक्रार निकाली.
ती आमच्या त्र्याण्णवांत आहे,
सातांत नाही.

आज आमच्या गल्लीची पाळी.
अडीचला नाना उठले, मी जागीच होते.
नळ आधी नुसती हवा सोडतो,
कुणी दारात उभं राहून घसा खाकरावा तशी.
पाणी त्यानंतर.
मी घागर लावली.
नाना म्हणाले, झोप जा, मी भरतो.
मी गेले नाही.